सम-विषम निरोप

बारावीला निरोप अकरावीने द्यायचा, ही आमच्या शाळेची परंपरा. यंदा अडचण एवढीच होती, की शाळेत अकरावी नव्हती.

नव्हती म्हणजे अजिबातच नव्हती. गेल्या वर्षी दहावी झालेली पोरं जास्त एसी असलेल्या शाळांकडे निघून गेली, आणि यमुनेपलीकडच्या आमच्या मराठी संस्थेने ठरवलं की आता अकरावी-बारावी बंदच करून टाकू. आम्ही तेरा जण संपलो की वरचा मजला लग्नकार्याला भाड्याने द्यायचा. फाटकावर फलकही लागला होता, ‘पार्टी हॉल, लवकरच’. आम्ही रोज सकाळी त्या ‘लवकरच’खालून आत जायचो. आपण कधी मरणार हे दारावर लिहिलेलं असलं की माणूस अभ्यासाकडे वेगळ्या नजरेने बघतो. म्हणजे बघतच नाही.

तरी निरोप हवा होता. साडी नेसायची, कोट घालायचा, फोटो काढायचे, आणि मुख्य म्हणजे फिशपाँड. दिल्लीतल्या कुठल्याही शाळेत मुलांना सॅश घालतात, मिस्टर फेअरवेल करतात, डीजे लावतात. फिशपाँड फक्त आमच्याकडे. एका डब्यात आपलं नाव न घालता वर्गमित्रांवर आणि शिक्षकांवर टोमणे टाकायचे, आणि कार्यक्रमात कुणीतरी ते सगळ्यांसमोर वाचायचे. आमच्या आईबाबांच्या पिढीने पुण्याहून दिल्लीला येताना कुकर आणि गोडा मसाल्याबरोबर हेही आणलं. कुकर बिघडले, मसाला संपला, हे टिकलं. फिशपाँडचा नियम एकच: ज्याच्यावर टोमणा पडला त्याने हसायचं. ज्याच्यावर एकही पडला नाही, त्याने रडायचं, पण घरी जाऊन.

वर्गातला अधिकृत विनोदी माणूस मी असल्यामुळे (निवडणूक बिनविरोध झाली, दुसरं कुणी हसतच नव्हतं) डबा माझ्याकडे आला. मी आणि प्रसन्न मुख्याध्यापकांकडे परवानगीला गेलो.

सोवनी सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या टेबलावर फक्त एक पेपरवेट उरला होता, आणि त्याच्याखाली ठेवायला कागद नव्हता.

“निरोप ठीक आहे,” सर म्हणाले. “पण देणार कोण?”

“सर, आम्हीच देऊ. स्वतःला.”

“स्वतःला कसा देणार? निरोप देणारा आणि घेणारा वेगळे हवेत. नाहीतर त्याला निरोप नाही, नुसतं निघून जाणं म्हणतात.”

मग नववी मागितली, तर नववीच्या पालकांनी विरोध केला. दहावीला बोर्ड होतं. के.जी. मिळत होती, पण त्यांची शाळा साडेअकराला सुटते, आणि निरोप देताना ती आमच्यापेक्षा जास्त रडली असती.

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं, तेव्हा शेजारचे तात्याराव काका नेहमीप्रमाणे आमच्याकडे चहाला होते. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत काका म्हणजे चालतंबोलतं मंत्रालय. एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. कुत्रा चावला तरी ते आधी विचारतात, नोंद झाली का?

“इंद्रजित, तोंडी काही करू नकोस,” काका म्हणाले. “तोंडी परवानगी म्हणजे वाफ. लेखी आदेश घे. आणि त्याची प्रत ऑफिसला.”

“काका, फक्त फेअरवेल आहे.”

“फक्त काही नसतं. कागद असतो किंवा नसतो.”

आई म्हणाली, “बरोबर सांगतायत हो काका.” आईला काका बरोबर वाटतात, कारण ते कपबशी स्वतः धुऊन ठेवतात.

मी दुसऱ्या दिवशी लेखी आदेश मागितला. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून झालं, म्हणून ते पुन्हा लिहितो: मी, स्वतःच्या तोंडाने, शुद्धीत असताना, लेखी आदेश मागितला.

त्या दिवशी हवा इतकी वाईट होती की शाळेच्या गच्चीवरून शाळेचं मैदान दिसत नव्हतं. दिल्लीत असं झालं की मोठी माणसं सम-विषमच्या गोष्टी काढतात: आज सम नंबरच्या गाड्या रस्त्यावर, उद्या विषम. हवा त्याने सुधारते की नाही यावर वाद आहे, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं यावर सर्वांचं एकमत आहे. सोवनी सर खिडकीतून त्या करड्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग वळून म्हणाले, “सम-विषम करू.”

आदेश असा निघाला: ‘इयत्ता बारावीतील विषम हजेरी क्रमांकाचे विद्यार्थी इयत्ता अकरावी समजण्यात येतील व ते सम क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना निरोप देतील. तदनंतर सम क्रमांकाचे विद्यार्थी त्यांना निरोप देतील, व असा निरोप मिळाल्यावर सदर विद्यार्थी पुनश्च इयत्ता बारावी समजण्यात येतील.’ खाली सही, शिक्का, आणि प्रत ऑफिसला.

काकांनी तो आदेश दोनदा वाचला आणि चष्मा पुसला. “मसुदा सुंदर आहे,” ते म्हणाले. “‘तदनंतर’ हल्ली कोण लिहितं?”

माझा नंबर पाच. प्रसन्नचा नऊ. आम्ही सात जण एका शिक्क्यात अकरावीत गेलो, आणि ताबडतोब त्याचे परिणाम दिसायला लागले. सम क्रमांकवाले सहा जण आम्हाला ‘बच्चे’ म्हणू लागले. राघवने, ज्याला मी सहावीपासून गणिताची वही देत आलो, मला पाण्याची बाटली भरून आणायला सांगितली. तेजश्री म्हणाली, “जूनियर्सनी पुढच्या बाकावर बसायचं नसतं.” तिचा नंबर बारा होता. सत्ता मिळाली की माणूस बदलतो हे नागरिकशास्त्रात होतं, पण इतकं लवकर बदलतो हे पुस्तकात नव्हतं.

मग फिशपाँड. मी रात्रंदिवस खपून तीसेक लिहिले होते. ते आधी शिस्त समितीने तपासायचे असं ठरलं. समिती म्हणजे पी.टी.चे डागर सर आणि मराठीच्या सुरेखा मॅडम. डागर सरांना मराठी येत नाही, म्हणून मॅडमनी प्रत्येक टोमण्याचा हिंदीत अर्थ सांगायचा आणि सरांनी त्यातलं आक्षेपार्ह काढायचं. विनोद हा मुळात नाजूक प्राणी. त्याला आधी हिंदीत नेलं, मग त्याच्यावर पी.टी. केली.

प्रसन्नवर मी लिहिलं होतं, ‘हा अंथरुणातून फोन करून सांगतो, मेट्रोत आहे, दार बंद होतंय.’ समितीतून बाहेर आलं, ‘प्रसन्न मेट्रोने येतो.’ सोवनी सरांवर होतं, ‘सर भाषणात शेवटचं सांगतो म्हणाले, तेव्हा मी तिसरीत होतो.’ झालं, ‘सर भाषण करतात.’ आणि तेजश्रीवर, जी प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला धडपडते, मी लिहिलं होतं, ‘हिने पहिलीत हात वर केला, तो अजून खाली आलेला नाही.’ ते परत आलं, ‘तेजश्रीला हात आहेत.’

“मॅडम, हे काय?” मी विचारलं.

“मी वाचवायचा प्रयत्न केला रे,” सुरेखा मॅडम म्हणाल्या. “डागर सर ‘हात’सुद्धा काढायला निघाले होते.”

सुरेखा मॅडम आमच्या शाळेत आल्या तेव्हा मी जन्मलो नव्हतो. तेव्हापासून त्या कंत्राटी आहेत. दर एप्रिलमध्ये त्यांना एक वर्षाचं नवं पत्र मिळतं, आणि दर मार्चमध्ये त्या कपाटातलं सामान आवरून ठेवतात, न जाणो. यंदा मराठी घेतलेले शेवटचे विद्यार्थी आम्हीच. त्या यंदाही सामान आवरत होत्या. आम्ही त्याबद्दल काही विचारलं नाही. बोर्डाच्या वर्षी माणूस स्वतःच्या दुःखातच फुल्ल असतो.

कार्यक्रमासाठी गाद्या आणि चादरी हव्या होत्या. प्रसन्न तंबूवाल्याकडे गेला. तंबूवाल्याने विचारलं, “शादी वाला सेट चाहिए या चौथे वाला?”

दिल्लीत माणूस गेला की चौथ्या दिवशी लोक जमतात. पांढऱ्या गाद्या, पांढऱ्या चादरी, दारात बूट काढायचे, आत मान खाली घालून बसायचं. त्याला चौथा म्हणतात. प्रसन्नला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे दर्जे असतील. चौथा स्वस्त होता. त्याने तो घेतला.

हॉलमध्ये पांढरंशुभ्र पसरलं गेलं. समोरच्या टेबलावर आम्ही सोवनी सरांचा जुना फोटो ठेवला होता, कारण ते निवृत्त होणार होते आणि त्यांचाही सत्कार होता. फोटोला हार मी घातला. तेवढं मात्र माझं डोकं.

लोक येऊन दारात बूट काढत होते. साड्या नेसलेल्या मुली आत येऊन का कोण जाणे पदर डोक्यावर घेत होत्या. शाळेला लागून बाजाराची गल्ली आहे, त्यामुळे उघड्या दारातून कुणालाही आतलं दिसतं. एक अनोळखी काका आत आले, फोटोला हात जोडले, आमच्यात येऊन बसले, आणि मला हळू आवाजात म्हणाले, “बड़े नेक आदमी थे. क्या हुआ था?”

“रिटायर हो रहे हैं,” मी म्हणालो.

“हाँ बेटा,” ते मान हलवत म्हणाले, “एक दिन सबको होना है.”

तेवढ्यात खुद्द सोवनी सर आत आले. त्या अनोळखी काकांनी फोटोकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि बूट हातात घेऊन निघून गेले.

या वातावरणात मी उभा राहून वाचलं, “तेजश्रीला हात आहेत.”

मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण अशी नाही. कुणी हसलं नाही. पांढऱ्या चादरीवर बसलेल्या माणसांनी हसायचं नसतं, हे दिल्लीत हाडात मुरलेलं आहे. तेजश्रीने आपल्या हातांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी पुढचे अठ्ठावीस वाचले. ‘रसायनाचे सर रसायन शिकवतात.’ मागून कुणीतरी हुंदका दिला. नंतर कळलं, रसायनाचे सरच होते.

सम क्रमांकांचा निरोप संपला. आता त्यांनी आम्हाला द्यायचा. इतक्यात तंबूवाल्याची दोन माणसं आली आणि गाद्या गुंडाळायला लागली. चार वाजता पलीकडच्या ब्लॉकमध्ये खरा चौथा होता, खऱ्या मयताला प्राधान्य. आम्ही उठून उभे राहिलो. खालून गादी निघाली तसा डागर सरांनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाची सुट्टी लागली. त्यानंतर सोवनी सर निवृत्त होऊन मुलाकडे कॅनडाला गेले. प्रभारी म्हणून डागर सर आले. आणि फेब्रुवारीत बोर्डाची ॲडमिट कार्डं आली.

ती घ्यायला मी ऑफिसच्या खिडकीशी गेलो, तर आत चौबेजी. चौबेजी आमचे हेडक्लार्क. त्यांनी आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही. आदेश नसताना चांगलंही केलं नाही. माझं कार्ड त्यांच्यासमोर पडलेलं मला दिसत होतं, त्यावरचा माझा भयाण फोटोही.

“सर, ये मेरा है.”

“ये बारहवीं का है.”

“तो मैं बारहवीं का ही हूँ.”

चौबेजींनी फाइल उघडून सोवनी सरांचा आदेश माझ्यासमोर ठेवला. सुरेखा मॅडमकडून त्याचं हिंदी भाषांतरही करून घेऊन त्याला टाचलं होतं. “इसमें तुम ग्यारहवीं के हो. निरोप मिलने पर बारहवीं के होगे. मिला निरोप?”

“पर सर, ग्यारहवीं तो स्कूल में है ही नहीं!”

“इसीलिए तो तुम हो,” चौबेजी म्हणाले.



परीक्षा आठवड्यावर आली होती. माझं पाच, प्रसन्नचं नऊ, आम्हा सातांची कार्डं एका रबरबँडमध्ये बांधून कपाटात गेली. डागर सरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, की मागच्या मुख्याध्यापकांचा आदेश प्रभारी माणूस बदलू शकत नाही, तो फक्त पी.टी. घेऊ शकतो. सोवनी सरांना व्हिडिओ कॉल लावला. मागे बर्फ पडत होता. सर कानटोपीतून म्हणाले, “बाळांनो, आदेश नीट वाचा. सगळं त्यात आहे.” ते खरंच होतं, आणि तीच अडचण होती.

घरी बाबा म्हणाले, “मी जाऊन बोलतो त्या चौबेशी.” ते गेले आणि परत आले. “माणूस सज्जन आहे,” ते म्हणाले. “आदेशही स्पष्ट आहे. तू हे मागितलंसच कशाला?”

मी तात्याराव काकांकडे बघितलं. काका बशीकडे बघत होते.

“यावर उपाय आहे,” काका म्हणाले. “आदेशाची अंमलबजावणी. पूर्ण करा आदेश. सम क्रमांकांना बोलवा, निरोप घ्या, विषय संपला.”

“नाही आले तर?”

काकांनी खूप विचार केला. “मग तू पुढल्या वर्षीही अकरावीत. पण विचार कर, शाळेत अकरावी नाही, म्हणजे शिक्षक नाहीत, तास नाहीत, परीक्षा नाही. नापासही होता येणार नाही तुला.” थोडं थांबून ते म्हणाले, “पासही.”

त्या रात्री मी पहिल्यांदा अभ्यासाला बसलो. आपल्याला देऊ देणार नाहीत त्या परीक्षेचा अभ्यास खूप एकाग्रतेने होतो.

सम क्रमांकांना बोलावणं सोपं नव्हतं. ज्यांना निरोप मिळालाय ती माणसं परत येत नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘फक्त अर्धा तास या यार, आमचं वर्ष जाईल.’ सहाही जणांनी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. राघवच्या आईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “राघव घरात आहे, पण भेटणार नाही. तो मार्चपर्यंत नाहीच असं समज.” मी त्यांना सांगितलं की मीही नाहीच आहे. “मग झालं तर,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उरली तेजश्री. ती फोन उचलत नव्हती, म्हणून मी आणि प्रसन्न मेट्रोने लक्ष्मीबाई नगरला तिच्या सरकारी क्वार्टरवर गेलो. प्रसन्न खरंच मेट्रोने आला, हे शिस्त समितीला कळवायला हवं होतं. तेजश्रीने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“बोल.”

“तेजू, निरोप हवाय.”

“दिला. जा.”

“तसा नाही. शाळेत येऊन, अधिकृत. नाहीतर आम्ही सात जण अकरावीत राहतो.”

“बरं आहे की. जूनियर्स.”

प्रसन्न म्हणाला, “बघ ना यार, प्लीज. बाबांनी मला घरातून काढलंय. म्हणजे काढलं नाहीये, पण माझ्या खोलीत आजोबांना आणून ठेवलंय.”

तेजश्री त्याच्याशी बोललीच नाही. ती माझ्याकडे बघत होती. “सगळ्या शाळेसमोर, इंद्रजित. माझी आई, मावशी, सगळे बसलेले. लोकांवर काय काय लिहितात. आणि माझ्यावर काय? हिला हात आहेत! इतकी वर्षं एका वर्गात आहोत, आणि तुला माझ्यात एवढंच दिसलं?”

“मी ते लिहिलं नव्हतं.”

“मग?”

“मी लिहिलं होतं, हिने पहिलीत हात वर केला, तो अजून खाली आलेला नाही.”

आतून कुकरची शिट्टी झाली.

“हे चांगलं होतं,” ती म्हणाली.

“होतं ना?”

“मग वाचलं का नाहीस?”

“समितीचा शिक्का नव्हता.”

“तुम्ही मुलं ना,” ती म्हणाली, “शिक्का बघून श्वास घ्याल.” आणि चप्पल घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात जण आणि ती वरच्या मजल्यावर जमलो. वर्गाला पार्टी हॉलचा गुलाबी रंग लागत होता. अर्धा फळा रंगवून झाला होता, उरलेल्या अर्ध्यावर कधीचा तरी समीकरणाचा डावा भाग होता. सुरेखा मॅडम आल्या होत्या, चौबेजी आदेश घेऊन आले होते. रंगवणारे शिडीवरून बघत होते, म्हणजे प्रेक्षक होते.

चौबेजींनी यजमान मोजले. “एक?”

“बाकी नहीं आए,” मी म्हणालो.

“आदेश में ‘विद्यार्थी’ बहुवचन में है, मैडम ने ही समझाया था. एक बच्ची से क्लास नहीं बनती. कम से कम दो.” त्यांनी आदेशाची घडी घालायला सुरुवात केली. ते मुद्दाम करत नव्हते. त्यांचा चेहरा आमच्याइतकाच पडला होता. प्रसन्न खाली बसला. मीही बसलो असतो, पण खालची जागा ओल्या रंगाची होती, आणि माणसाची प्रतिष्ठा शेवटच्या क्षणी अशा गोष्टींवर टिकते.

सुरेखा मॅडमनी पर्स बाकावर ठेवली आणि तेजश्रीच्या शेजारी बसल्या.

“चौबेजी, मेरा नाम लिख लीजिए. बारहवीं में.”

“मैडम, आप तो…”

“कोई नियम है कि टीचर दाखिला नहीं ले सकती?”

चौबेजींनी खूप विचार केला. त्यांनी छताकडे बघितलं, जिथे सगळे नियम लिहिलेले असावेत. “नहीं है,” ते शेवटी म्हणाले आणि रजिस्टर उघडलं. “नंबर चौदह. सम है.” त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा आनंद ऐकला.

मग तेजश्रीने माझ्या पहिल्या कागदांवरून फिशपाँड वाचले. समिती नव्हती, शिक्का नव्हता. प्रसन्नचा मूळ मेट्रोचा वाचला. शिडीवरचा माणूस, ज्याला मराठी येत नव्हतं, तोसुद्धा हसला, कारण प्रसन्न हसत होता आणि प्रसन्न हसला की घोड्यासारखा हसतो. प्रत्येकाचं काही ना काही होतं. माझी पाळी आली तेव्हा ती थांबली, कागद बाजूला ठेवला, आणि म्हणाली, “इंद्रजितला डोकं आहे.”

सगळे थांबले.

“लेखी आदेश मागून घेतलेलं.”

सगळे इतके हसले की मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. सुरेखा मॅडम तर बाकावर डोकं टेकून हसत होत्या. मी नियमाप्रमाणे हसलो. चौबेजींनी कुणाला तरी अर्थ विचारला, तो कळल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “सही है,” आणि रबरबँड सोडला.

आम्ही बारावी झालो. ॲडमिट कार्डावर डागर सरांनी सही केली. परीक्षा झाली. पेपर कसे गेले हे मी इथे लिहीत नाही, ही विनोदी गोष्ट आहे.

शेवटच्या पेपरनंतर काही दिवसांनी चौबेजींचा फोन आला. “बेटा, सुरेखा मैडम का फेयरवेल पेंडिंग है. रजिस्टर में नाम चढ़ा है. आज उनका आख़िरी दिन है, क्लास में कोई छूट गया तो रजिस्टर बंद नहीं होगा.”

आम्ही गेलो, सगळे नाही, मी, प्रसन्न आणि तेजश्री. राघवने समोसे पाठवले, तेवढंच. मॅडम शिक्षकांच्या खोलीत होत्या. कपाट रिकामं होतं. एका पिशवीत शब्दकोश, खडूंची डबी, पाण्याची बाटली. या वेळी एप्रिलचं पत्र आलेलं नव्हतं, आणि येणार नव्हतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

“मॅडम, तुमचा निरोप राहिलाय,” तेजश्री म्हणाली. “आम्ही द्यायला आलोय.”

“तुम्ही कसे देणार? तुम्हाला देऊन झालाय. गेलेली माणसं राहिलेल्याला निरोप देतात होय?”

“मग अर्धे अर्धे होऊ,” प्रसन्न म्हणाला. “मी परत अकरावीत जातो. मला सवय आहे.”

मॅडम हसल्या. चौबेजी दारात रजिस्टर घेऊन उभे होते, बोटात पेन. नाव काटायचं, तारीख घालायची, सही. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं.

“रहने दीजिए, चौबेजी.”

“मैडम, काटूँगा नहीं तो आप यहीं की यहीं रह जाएँगी. पक्की.”

मॅडम पिशवी खांद्याला लावत आमच्याकडे वळून म्हणाल्या, “इतक्या वर्षांत या शाळेत मला हे पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं रे.”

त्यांनी एक समोसा घेतला आणि जिना उतरल्या. खाली बँडवाले वाजवून बघत होते. वरच्या हॉलमध्ये पहिलं लग्न होतं.

चौबेजींनी रजिस्टर भिंतीला टेकवलं, चौदा नंबरच्या ओळीवर आले, आणि त्या दिवसाच्या चौकटीत हजेरी लावली.